जावई ठोका

आपली प्रयोगशाळेची खोली जाणार हे कळलं तेव्हा ठोकेबाई घोट गिळायच्याच विसरल्या. पण ती कोणाला मिळणार ते ऐकलं, आणि त्यांना असं काही हसू फुटलं की तोंडातला चहा थेट खोल्या वाटणाऱ्या समितीच्या अध्यक्षांच्या टायवर जाऊन पडला.

"सॉरी सर, ठसका लागला," त्या म्हणाल्या आणि रुमालात तोंड खुपसून गदगदत राहिल्या.

ठोकेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नकोच. पण हृदयातल्या विजेचा माग काढण्यात ज्या बाईचे केस पिकले, तिला संस्थेतले लोक दुसरं काय म्हणणार? हृदय चालतं ते आतल्या आत खेळणाऱ्या इवल्याशा विजेवर. ती वीज एकेका पेशीत कशी उठते, कुठे अडखळते, कुठे आगाऊपणा करते, हे बघणं हा बाईंचा धंदा. काचेची नळी तापवून, ताणून इतकी बारीक करायची की तिचं टोक डोळ्यांना दिसूच नये, आणि ते टोक धडधडत्या जिवंत पेशीत शिरवायचं. तिला पत्ता लागू न देता. "उड्या मारणाऱ्या पोराच्या शर्टाला बटण लावण्यासारखं आहे," बाई सांगायच्या, "फक्त पोरगं आणि सुई दोन्ही दिसत नाहीत."

म्हणून तर त्यांना तळमजल्याची खोली लागायची. तिथे हवेवर तरंगणारं एक जड टेबल होतं, त्याभोवती तारेच्या जाळीचा पिंजरा, आणि दारावर पाटी : 'पाय आपटू नये, दार आपटू नये, शिंकायचे असल्यास बागेत जावे.' गेली दोन वर्षं बाई एका गोष्टीच्या मागे लागल्या होत्या, आणि आता ती हाताशी आली होती. अशा वेळी समितीने नवा नकाशा काढला. बाईंना सर्वांत वरचा मजला, लिफ्टच्या मोटरच्या शेजारी. म्हणजे कोणी वर गेलं की भिंत थरथरणार, खाली आलं की पुन्हा थरथरणार. सुई निसटणार, पेशी मरणार, आणि बाईंचं काम तिच्यासोबत.

"त्याचं काय आहे बाई," अध्यक्ष टाय पुसत म्हणाले, "शेवटी उल्लेख बघावे लागतात."

उल्लेख म्हणजे काय, तर आपल्या लेखाचा हवाला दुसऱ्यांनी त्यांच्या लेखांत किती वेळा दिला त्याचा हिशेब. हल्ली शास्त्रज्ञाची उंची याच पट्टीने मोजतात.

"तुमचे उल्लेख दोनशेसुद्धा नाहीत. आणि त्याच विषयातले प्रोफेसर जॉवे बघा! चार हजारांच्या वर!"

चहा उडाला तो इथे.

"जॉवे माझे जुने स्नेही," समितीतला दुसरा गृहस्थ म्हणाला. याला सगळे पेपरवाला म्हणत. दर महिन्याला संशोधनाचा एक पेपर छापून आणायचा. एकाच चादरीचे रुमाल फाडून विकावेत तसे. "त्यांना आपण मानद प्राध्यापक म्हणून बोलावू. तळमजल्याची खोली त्यांच्या नावे ठेवू. ते येईपर्यंत माझा गट ती सांभाळेल."

"कधी येतील ते?" रुमालाआडून बाईंनी विचारलं.

"मोठी माणसं, बाई. पुढल्या वर्षी, त्याच्या पुढल्या वर्षी..."

"छे! एवढं कशाला थांबायचं? शुक्रवारीच आणते ना त्यांना. अकराला चालेल?"

पेपरवाल्याचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा पांढरा झाला. "तु... तुम्ही ओळखता?"

"घरोबा आहे आमचा," ठोकेबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसू फुटायच्या आत दाराबाहेर पळाल्या.

आता हा जॉवे कोण, ते सांगतो.

बाई तरुणपणी शिकत होत्या तेव्हाची गोष्ट. नवीन लग्न झालेलं. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, स्वभावाने सोनं, पण एक खोड : हा माणूस कुठेही वेळेआधी पोचायचा. सासुरवाडीला आठ वाजता जेवायला बोलावलं तर साताच्या आधीच दारात हजर. त्या दिवशीही तसंच झालं. सासूबाईंचे केस ओले, हाताला पीठ. सासरे अर्ध्या गालाला साबण लावून बनियनवर. बेल वाजली आणि घर जागच्या जागी थिजलं. कोणी हलेना, कोणी बोलेना. जावईबापू सोफ्यावर बसले, तरी सगळं सामसूम. आणि मग स्वयंपाकघरात सासूबाईंनी जो काही पातेल्यांचा दणदणाट सुरू केला, की शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या.

बाईंनी दुपारीच प्रयोगशाळेत कागदाच्या पट्टीवर अगदी हेच पाहिलं होतं. हृदयाचे ठोके छान एका चालीत चाललेले. मधेच एक ठोका उपटतो, वेळेआधी. पाठोपाठ नेहमीचा ठोका यायला बघतो, पण हृदय अजून सावरलेलं नसतं, म्हणून तो गळतो. शांतता. आणि त्यानंतरचा ठोका असा दणकून येतो की माणूस छातीवर हात ठेवतो.

"आई!" बाई स्वयंपाकघरात ओरडल्या, "अगं, हा तर आपला जावई!"

"हळू बोल," आई म्हणाली, "ऐकेल तो."

पुढे बाईंनी त्यातली खरी मेख शोधली. असा ठोका कधी निरुपद्रवी आणि कधी धोक्याचा, ते ओळखायचं कसं? जावई आला, घर थांबलं, आणि नंतर आपल्या जुन्या चालीवर परत आलं, तर काळजी नको. पण घरच त्याच्या तालावर नाचायला लागलं, तर धावा. हे त्यांनी मोजून मापून लिहिलं, आणि त्या ठोक्याला नाव दिलं 'जावई ठोका'. लेख परदेशी मासिकात छापून आला. मथळ्यात रोमन लिपीतल्या जावयाचं पहिलं अक्षर मोठं पडलं.

घोळ झाला तो तिथे. या शास्त्रात हृदयातल्या प्रत्येक गाठीला, प्रत्येक दोरीला कुठल्या ना कुठल्या स्वर्गवासी डॉक्टरचं नाव. लोकांना वाटलं, जावई हाही त्यातलाच. एकाने लिहिलं 'जावई यांचा ठोका'. दुसऱ्याने स्पेलिंग सुधारलं आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ दिली. जावयाचा झाला जॉवे. तिसऱ्याला नुसतं आडनाव बरं दिसेना, त्याने पुढे एक आद्याक्षर जोडलं. बाईंचा लेख बिचारा मागे पडला, आणि जो तो जॉवेचा हवाला देत सुटला. उल्लेख मोजणाऱ्या यंत्राने जॉवेचं वेगळं खातंच उघडलं.

बाईंनी मासिकाला कळवलं, की ही व्यक्ती नाही, हा शब्द आहे. मासिकाने तत्परतेने खुलासा छापला : 'डॉ. जॉवे यांच्या नावाचे स्पेलिंग मूळ लेखात चुकले होते, त्याबद्दल दिलगीर आहोत.' त्या दिवसापासून बाईंनी हात टेकले आणि मजा बघायला लागल्या.

एका जाडजूड पाठ्यपुस्तकात तर जॉवेंच्या आधी 'दिवंगत' लागलं. बाई ते पुस्तक घेऊन घरी आल्या.

"अहो, तुम्ही गेलात म्हणे."

"कधी?" नवऱ्याने विचारलं.

"तारीख नाही दिलेली."

"मग जेवून घेतो," म्हणाला आणि पाट मांडून बसला.

तर शुक्रवारचा वायदा करून बाई घरी आल्या, तेव्हा नवरा स्टुलावर उभा राहून पंख्यात तेल सोडत होता.

"अहो, शुक्रवारी संस्थेत यायचंय. अकराला."

"लिफ्ट अडकली?"

"मी अडकलेय." बाईंनी सगळं सांगितलं. सांगता सांगता तीनदा हसल्या, आणि शेवटी एकदम गप्प झाल्या. "खोली गेली ना, तर माझं संपलं हो. आता कुठे सुई टिकायला लागलीय."

नवरा स्टुलावरून उतरला. बायको गप्प झाली की त्याला भीती वाटायची. "मला काय बोलावं लागेल?"

"काही नाही. खरं तेच बोलायचं. खोटं एक अक्षर नाही."

"ते जमेल. पण प्रोफेसरसारखं दिसावं लागेल ना?"

"तुम्ही जावयासारखे दिसा. तेवढं पुष्कळ."

आईला फोन लावला. आईला आता कमी ऐकू यायचं, म्हणून ती स्वतः जास्त मोठ्याने बोलायची. "काऽऽय? जावईबापू प्रोफेसर झाले?"

"झाले नाहीत आई, लोकांनी केलंय."

"मग ते निळं जाकीट घालू देत! आणि त्यांना बाराची वेळ सांग, म्हणजे अकराला पोचतील!"

बाईंनी क्षणभर विचार केला. "नको आई," त्या म्हणाल्या, "यांना अकराच सांगते. यांचं लवकर येणंच तर हवंय मला."

शुक्रवार उजाडला. समितीच्या खोलीत टेबलावर नवं कापड, पाण्याच्या बाटल्या, मधे फुलांचा एवढा मोठा गुच्छ. साडेदहाच वाजलेले. अध्यक्षांनी बूट काढून पाय समोरच्या खुर्चीवर पसरले होते आणि ते चहात बिस्किट बुडवत होते. मोठ्या नावाच्या माणसांचं त्यांना भारी अप्रूप. एखाद्या नामवंताशी हात मिळवला की दोन दिवस तो हात धुवायचे नाहीत असं त्यांची बायकोच सांगायची. पेपरवाला खिडकीच्या काचेत बघून सराव करत होता. दोन्ही हात पसरून म्हणत होता, "माझ्या प्रिय जॉवे! किती काळ लोटला!" बाई कोपऱ्यात पडद्यावर चित्र दाखवायचं यंत्र जोडत होत्या, आणि कान दाराकडे.

दार उघडलं.

निळं जाकीट, एका हातात हत्यारांची पेटी, दुसरा हात कोपरापर्यंत काळा. "जिन्याकडे येत होतो, तर लिफ्टचा आवाज बरा वाटेना," तो म्हणाला. "म्हटलं वेळ आहे, बघून घेऊ."

खोली थिजली. अध्यक्षांचं बिस्किट अर्ध्या वाटेत थांबलं आणि त्याचा भिजलेला तुकडा डुबकन कपात पडला. पेपरवाल्याचे हात काचेसमोर पसरलेले तसेच राहिले.

"सर," बाई गोड आवाजात म्हणाल्या, "हे जावई."

शेवटचं अक्षर त्यांनी किंचित गिळलं असेल. एवढं चालतं.

मग जी धांदल उडाली! अध्यक्ष अनवाणी धावले आणि त्यांनी तो काळा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला. पेपरवाल्याने गुच्छासकट मिठीच मारली. "जॉवे! माझ्या प्रिय जॉवे! आठवतं ना, ती परिषद? रात्रभर गप्पा मारल्या आपण!"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. खरं तेच बोलायचं होतं. "नाही बुवा," तो म्हणाला. "रात्रभर मी कुठे बाहेर असतो, तर हिने घरात घेतलं असतं का?"

"हिने?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर जुना लेख आला. मथळा, बाईंचं नाव, आणि खाली ठोक्यांची पट्टी. "सर, हा तो पहिला लेख. माझा. जरा मथळा मोठ्याने वाचता का? जसं लिहिलंय तसंच. ती तिरकी रेघ मनातून काढून."

अध्यक्षांनी चष्मा लावला. "जा... व... ई." थांबले. "जावई?"

"जावई," बाई म्हणाल्या. "माझ्या आईचे. हे उभे आहेत ते."

पेपरवाल्याची मिठी अजून सुटलेली नव्हती, ती तशीच आखडली. फुलांच्या गुच्छातून पाण्याचा थेंब जाकिटावर ओघळला. अध्यक्षांनी पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग कपात विरघळलेल्या बिस्किटाकडे बघितलं. वेळेआधी आलेला माणूस. थिजलेली खोली. ही शांतता.

आणि मग त्यांच्या पोटातून असा एक हसण्याचा गडगडाट उठला की टेबलावरच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या.

"बघा!" बाई टाळ्या पिटत ओरडल्या, "बघा सर, तिसरा ठोका पण आला! दणकून आला!"

"अहो बाई," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "म्हणजे ते चार हजार..."

"माझे. घरचेच आहेत. जावयाच्या नावावर ठेवले होते एवढंच."

पुन्हा हसू. पण हसता हसता अध्यक्ष मधेच अडकले. पेपरवाल्याकडे त्यांची नजर गेली, पेपरवाल्याची त्यांच्याकडे, आणि दोघांचेही चेहरे एकदम उतरले. मागल्याच वर्षी दोघांनी मिळून एक लेख लिहिला होता. त्याच्या तळटीपेत ठळक छापलं होतं : 'हा ठोका चुकलेला नसून लवकर आलेला असतो. (जॉवे, लेखकांशी झालेली वैयक्तिक चर्चा.)' हे वाक्य पेपरवाल्याने शोभेसाठी घुसडलं होतं आणि अध्यक्षांनी खाली सही केली होती. जो माणूसच नाही, त्याच्याशी चर्चा! उद्या हे बाहेर फुटलं तर?

बाईंना ती तळटीप पाठ होती. पण त्या काही बोलायच्या आत नवराच बोलला. तो मघापासून अध्यक्षांच्या तोंडाकडे निरखून बघत होता.

"साहेब, तुम्ही ते लिफ्टमधले ना?"

"अं?"

"दोन वर्षं झाली असतील. वरच्या दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. तुम्ही आतून ओरडत होता, 'माझा ठोका चुकला, माझा ठोका चुकला!' मी वरून फटीतून सांगितलं, 'चुकत नसतो साहेब, लवकर आलेला असतो. आमची ही सांगते. पुढचा येतोय बघा.' मग तुम्ही शांत झालात."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर हळूहळू सूर्य उगवला. बुडत्याला काडीच नव्हे, अख्खी नाव मिळाली होती. "तुम्ही होतात ते!" त्यांनी तो काळा हात पुन्हा पकडला. "अहो, म्हणजे चर्चा झालीय! आपल्यात वैयक्तिक चर्चा झालीय! अगदी हेच शब्द!"

"झाली ना. बराच वेळ. तुम्ही माझ्या सासूबाईंची पण चौकशी केलीत."

"आणि मी?" पेपरवाला केविलवाण्या आवाजात म्हणाला. "लेखक दोघं आहेत..."

नवऱ्याने त्याला नीट न्याहाळलं. खरं तेच बोलायचं होतं. "तुम्ही खाली पळत होता, 'जिना कुठे, जिना कुठे' करत. मी सांगितला."

"म्हणजे तीही चर्चाच," बाई म्हणाल्या. "मी तरी तसंच समजेन. खोलीचं काय ठरलं, सर?"

अध्यक्षांनी ताबडतोब ठरवून टाकलं. तळमजल्याची खोली जॉवे यांच्यासाठी राखून ठेवावी असं पेपरवाल्यानेच सुचवलं होतं. तेव्हा ती तशीच राखली जाईल, आणि जॉवे ज्यांच्या घरचे, त्यांच्याच ताब्यात राहील. लिफ्टशेजारची वरची खोली रिकामी ठेवून चालणार नव्हतं. ती पेपरवाल्याच्या गटाला मिळाली. "तुम्हाला काय, तुम्हाला सुई टिकवायची नाही, लिहायचंच तर आहे," अध्यक्ष त्याला म्हणाले. जगभरातल्या त्या तिरक्या रेघेचं काय करायचं हा प्रश्न निघाला, तेव्हा बाई म्हणाल्या की एकदा प्रयत्न केला होता, आता दुसऱ्यांदा खुलासा छापला तर जॉवेंना बायको आणि दोन मुलंसुद्धा मिळतील.

जिना उतरून खाली आल्यावर बाई व्हरांड्यात गिरक्याच घेत होत्या. नवरा गुच्छ सांभाळत मागून. "अगं, पडशील!"

"पडू दे! तळमजलाच आहे!"

त्यानंतर महिनाभराने एका दुपारी सुई बसली. पेशीने तक्रार केली नाही. पडद्यावर ठोके शिस्तीत चालले होते आणि बाई श्वास रोखून बसल्या होत्या. दोन वर्षांत हे पहिल्यांदाच जमत होतं : एका एकट्या पेशीत जावई येताना बघायचं, अगदी दारात पाऊल टाकल्यापासून. तेवढ्यात मागे खोलीचं दार कणभर उघडलं. नवरा पाचला न्यायला येणार होता. अर्थातच चार वाजले होते. पण त्याने पाटी वाचली, बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चालत येऊन मागे उभा राहिला.

एक ठोका. आणखी एक. आणि एकदम, चालीच्या आधी, एक घाईचा ठोका उपटला. मग सरळ रेघ. लांबच लांब. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. रेघ संपेना. आणि मग एक ठोका असा वर उसळला की पडद्याच्या वरच्या काठाला जाऊन भिडला. त्याच्यामागून जुनी चाल परत सुरू झाली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंड कानापर्यंत पसरलं.

"तो मधला, घाईघाईचा," नवरा कुजबुजला, "तो मी?"

"तो तुम्ही."

"जरा बुटका दिसतोय." त्याने मान तिरकी करून बघितलं. "आणि तो पुढचा, एवढा उंच?"

"त्या तुमच्या सासूबाई."

आणि इतका वेळ शहाण्यासारखा वागलेला माणूस फसकन हसला. हातातला बूट सुटला, जमिनीवर धाडकन आपटला, आणि सुई निसटली.

पण यंत्राने टिपायचं ते सगळं टिपून झालं होतं.